अंकल पिलिपोची अकरा झाडं

सेनिंग पगदिलावनं पपईच्या पानाला कागदाच्या पंचनं आठ भोकं पाडली, खाली पडलेल्या आठ हिरव्या टिकल्या काचेच्या लहान बाटलीत टाकल्या, वरून औषध ओतलं आणि बाटली भाताच्या कुकरशेजारी उबेला ठेवली. पान तिच्या बागेतलं नव्हतं. शेजारच्या अंकल पिलिपोच्या परसातून, कुंपणावरून हात घालून तिनं ते खुडलं होतं. एकसष्ट वर्षांची, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई चोरून पान खुडते हे कुणी पाहिलं असतं तर गावभर हसं झालं असतं, पण सेनिंगला त्याची काडीइतकी लाज वाटत नव्हती.

ही परीक्षा तिला नवी नव्हती. एकेकाळी जपानला जाणारी पपई पाहोआ गावच्या पॅकिंग शेडमध्ये अशीच तपासायचे, आणि ते काम सेनिंगकडे असायचं. दुसऱ्या दिवशी औषध ओतून टाकायचं आणि स्पिरिटनं टिकल्यांचा हिरवा रंग धुवायचा. टिकली पांढरी राहिली तर झाड जुन्या वाणाचं. निळी झाली तर लॅबमध्ये जनुक बदललेल्या वाणाचं. मधलं काही नाही.

सकाळी आठही टिकल्या निळ्या होत्या. सेनिंगला आधी हसू फुटलं. मग ती खुर्चीवर बसली आणि हसू गेलं.

हसू येण्यासारखंच होतं म्हणा. शुक्रवारी हिलोला, बेटाच्या मुख्य शहरी, कौन्सिलपुढं सुनावणी होती. बेटावर जनुक बदललेलं कुठलंही पीक उघड्यावर ठेवायचं नाही, आहेत ती झाडं वर्षभरात तोडायची, असा ठराव यायचा होता. म्हणजे सेनिंगची बारा एकर पपई, लाव्हाच्या काळ्या खडकात पहारीनं खड्डे पाडून लावलेली, सगळीच्या सगळी जाणार. आणि ठरावाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार होता अंकल पिलिपो. ब्याऐंशी वर्षांचा, अख्ख्या पाहोआचा अंकल. त्याच्या परसात आईच्या हातच्या बियांपासून चालत आलेली अकरा झाडं होती. आजूबाजूच्या पडीक बागांमध्ये व्हायरस माजला होता आणि ही अकरा ठणठणीत. त्याची नात माहेआ बाजारात टेबल मांडून त्यांचं बी कागदी पुड्यांतून वाटायची. पुडीवर लिहिलेलं असायचं, 'शुद्ध बी'. लॅबची गरजच नाही, आमच्या आजोबांची झाडं येऊन बघा, असं ती ऐकणाऱ्यालाही सांगायची आणि न ऐकणाऱ्यालाही.

व्हायरस म्हणजे काय हे सेनिंगला कुणी शिकवायला नको होतं. वीस वर्षांपूर्वी तो आला तेव्हा आधी पानं चुरगळली, मग फळांवर कड्या उमटल्या, मग फळं धरेनाशीच झाली. मावा एका झाडावरून उडून दुसऱ्यावर बसला की ते झाड गेलं. फवारून उपयोग नाही, खत घालून उपयोग नाही. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, तेबाननं, बाराच्या बारा एकर स्वतःच्या कोयत्यांनी आडवी केली. पपईचं खोड मऊ, दोन घावांत पडतं, त्यामुळे काम लवकर उरकलं आणि तेच जास्त लागलं. तेबान बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कोना गावच्या हॉटेलात चादरी धुवायला गेला. पुढं नवं बी आलं, त्या व्हायरसचाच एक तुकडा आत घालून शहाणं केलेलं, आणि सेनिंगनं रांगेत उभं राहून ते घेतलं. वर्ष सरायच्या आत झाडं फळांनी लगडली आणि तेबान घरी आला. तेव्हापासून लॅबची पपई म्हणून कुणी नाक मुरडलं की सेनिंग त्याला एवढंच विचारायची, त्या वर्षी तू कुठं होतास?

अंकल पिलिपोचा राग मुळात पपईवरून सुरू झालाच नव्हता. तो अळू लावणारा माणूस. त्याच्या लोकांच्या भाषेत कालो. कालो हा त्यांचा थोरला भाऊ, आधी तो जन्मला आणि मागून माणूस. काही वर्षांपूर्वी कुणी शहाणे त्या कालोच्या वाणांवर मालकीचे कागद करून बसले होते, तेव्हा पिलिपो त्यांच्या दारात जाऊन बसला. भावाची मालकी कुणी घेतं का, एवढंच येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिला. ते कागद शेवटी फाडावे लागले, पण लॅबवरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच. सेनिंगला हे सगळं पटायचं. आपल्या पपईला त्यानं त्याच चोरांच्या रांगेत उभं करावं, हे तेवढं पटत नव्हतं.

तरी दोघांचं भांडण पंधरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं, आणि त्याला कारण पोईचं भांडं. उकडलेले कालोचे कांदे कुटून केलेली जांभळट पोई टेबलावर असली आणि भांड्याचं झाकण काढलेलं असलं की त्या घरात कुणी वाद घालायचा नाही. थोरला भाऊ ऐकत असतो. पिलिपोच्या आईनं हे पाळलं, तिच्या आईनं पाळलं, आणि पिलिपोनं त्याचं हत्यार केलं. सेनिंग पपईचा विषय काढायला तोंड उघडायची तोच म्हातारा झाकण काढायचा. "खा," म्हणायचा, अगदी गोड हसून. किती वाक्यं तिनं पोईबरोबर गिळली ते तिचं तिलाच ठाऊक.

निळ्या टिकल्यांची बाटली तिनं पपईवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाला, फिदेलला दाखवली, ज्याला सगळे मनोंग म्हणजे थोरला दादा म्हणायचे. चूकच झाली. फिदेलनं बाटली खिडकीशी नेऊन पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. शुक्रवारी माइकसमोर ही बाहेर काढ, म्हणाला, म्हातारा तीन मिनिटांत खलास. ज्या झाडांच्या जिवावर त्यांची सगळी उडी, ती झाडं आपलीच निघाली.

"मी आधी अंकलना सांगणार," सेनिंग म्हणाली.

"सांग की. मग ते उद्या ओरडतील, पगदिलावच्या बागेनं आमचं बी बाटवलं. सुरी आपल्या हातात आहे आणि तू मूठ त्यांच्याकडे करतेयस."

"बाटवलंच आहे, मनोंग. वारा माझ्याच बागेकडून वाहतो."

"तेबान असता तर त्यानं तुला अडवलं असतं."

"तेबान वारला तेव्हा त्याच्यासाठी खडकात खड्डा कुणी खणला? अंकल पिलिपोनं, सत्तरीच्या वयात. तुमची त्या दिवशी कंबर दुखत होती." तिनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "त्यांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं असेल तर तुमचं पान तुम्ही खुडा."

गुरुवारी दुपारी ती हिरव्या पपईतलं कोंबडीचं कालवण आणि एक जड पिशवी घेऊन पिलिपोकडे गेली. कालवणाचा रिवाज ठरलेला होता. म्हातारा कोंबडी चवीनं खायचा आणि पपईचे तुकडे एकेक करून ताटाच्या काठावर लावून ठेवायचा, कारण ती सेनिंगच्या बागेतली. माहेआ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून पुड्या दुमडत होती. सेनिंगनं "अंकल, एक बोलायचंय," म्हणेपर्यंत झाकण निघालं होतं.

आज भांडं रिकामं होईपर्यंत हलायचं नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती. तिनं दोन वाट्या पोई खाल्ली, तिसरी खाल्ली, भांड्याचा तळ दिसू लागला. तेव्हा म्हातारा शांतपणे उठला, फ्रिजमधून दुसरं भांडं काढून आणलं आणि त्याचंही झाकण काढलं. सेनिंगनं चमचा खाली ठेवला आणि बाटली त्या भांड्याशेजारी ठेवली.

"मी भांडत नाहीये," ती म्हणाली. "फक्त ठेवतेय."

म्हाताऱ्याला ते काय आहे ते कळलं नाही. माहेआला कळलं. तिनं हातातली पुडी खाली ठेवली आणि पान कुणाचं म्हणून विचारलं.

"तुमच्या पायरीजवळच्या झाडाचं. मीच चोरून खुडलं."

माहेआ उभी राहिली. "आंटी, तुम्ही काहीही आणून ठेवणार आणि आम्ही मानायचं? उद्या सुनावणी आहे म्हणून तुम्ही आज..."

"माहेआ," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं बोटानं भांडं दाखवलं.

पोरीनं पुढचं वाक्य लालभडक चेहऱ्यानं गिळलं. ते गिळताना घशाला कसं लागतं हे सेनिंगला चांगलं माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला थोडी मजाही वाटली. तिनं पिशवी उलटी केली. बाटल्या, औषध, स्पिरिट, पंच.

"मानूच नकोस," ती म्हणाली. "अकरा झाडं आहेत, अकरा बाटल्या आणल्यात. तुझ्या हातानं पानं खुड, तुझ्या घरात ठेव, सकाळी तूच धू. एक जरी टिकली पांढरी निघाली तरी उद्या मी माइकवर तुझी माफी मागेन."

पिलिपोनं विचारलं, हे झालं कसं? सेनिंगनं आवाज जमेल तितका मऊ ठेवला. व्हायरसच्या वर्षी आईची झाडं किती उरली होती? दोन, म्हातारा म्हणाला, कुंपणालगतची, आजारी, पण उभी. त्यांचं बी पुढं पेरलंत? पेरलं. रोपं किती मेली? बरीच. मग ठेवलंत कुणाचं बी? जी जगली त्यांचं, म्हातारा म्हणाला, आणखी कुणाचं ठेवणार?

बी राखणारा कुठलाही जाणता माणूस हेच करतो. त्याला त्याच्या आईनंच शिकवलं होतं, मजबूत झाडाचं बी ठेव, कमजोराचं टाक. कुंपणावरून सेनिंगच्या बागेतला पराग आला. ज्या रोपांत तो उतरला तीच व्हायरसपुढं तगली. आणि पिलिपोनं वर्षामागून वर्ष स्वतःच्या हातानं तीच निवडली आणि आईची फेकली. सेनिंग हे बोलली नाही. तो स्वतःच तिथवर पोचला, हे त्यानं समोरची वाटी दूर सरकवली तेव्हा तिला कळलं.

"आईचं बी होतं ते," तो म्हणाला.

माहेआनं बाटल्या उचलल्या आणि पानं खुडायला परसात गेली. सेनिंगला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणावर, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. ती कालवणाचं भांडं तिथंच सोडून घरी आली.

शुक्रवारी हिलोचा तो हॉल भरून दारापर्यंत माणसं उभी होती. ठरावाच्या बाजूचे लाल शर्टांत, विरुद्ध बाजूचे निळ्यांत, आणि दोन्हीकडून सारखाच आरडाओरडा. एक बाई पपई खाऊन उंदीर मेल्याचं सांगत होती. कुठले उंदीर, कुणी मोजले, ते तिलाही ठाऊक नव्हतं. एक निळ्या शर्टाचा साहेब पराग कुठंही जात नाही म्हणून शपथेवर सांगत होता. सेनिंगला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. पिलिपो येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. आला तरी काय बोलेल, हेही नाही. अकरा निळ्या बाटल्या माइकवर धरून त्यानं नुसतं 'हे बघा त्यांनी काय केलं' म्हटलं असतं, तर तिची बाग संध्याकाळपर्यंत संपली असती. फिदेल तिच्याकडे बघतही नव्हता.

पिलिपोचं नाव पुकारलं तेव्हा तो माहेआच्या आधारानं आला. माहेआच्या हातात बाटल्यांचा ट्रे होता आणि त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पोईचं भांडं. ते त्यानं साक्षीदारांच्या टेबलावर ठेवलं, फडकं सोडलं आणि झाकण काढून बाजूला ठेवलं. हॉलमधले त्याचे सगळे लोक एका दमात गप्प झाले. ते गप्प झालेले पाहून बाकीचेही झाले, कारण न कळता. कौन्सिलच्या अध्यक्षबाई स्वतः त्याच्याच लोकांतल्या. त्यांनी हातातला हातोडा हळूच खाली ठेवला.

"माझ्याकडे अकरा झाडं आहेत," पिलिपो म्हणाला. "मी पंधरा वर्षं सांगत आलो की ती माझ्या आईची. आज सकाळी माझ्या नातीनं तपासली. अकराच्या अकरा हिची आहेत." त्यानं मागं न बघता सेनिंगकडे अंगठा केला. "माझ्या आईचं बी गेलं. मला कुणी विचारलं नाही. वाऱ्यानं नाही, लॅबवाल्यांनी नाही, हिनंही नाही. हा माझा राग आहे आणि मरेपर्यंत राहील. पण तो माझा आहे. तुमच्या कुऱ्हाडीला दांडा म्हणून मी तो देणार नाही. हिची झाडं तोडणार असाल तर आधी माझी अकरा तोडा. आणि आणखी कुठलं नवं बी कुणी या बेटावर न विचारता आणणार असेल, तर त्याच्या दारात मी येऊन बसेन. मला बसायची सवय आहे."

प्रत्येकाला बोलायला दिलेल्या तीन मिनिटांची घंटा वाजली. अध्यक्षबाईंनी विचारलं, अंकल, म्हणजे तुम्ही ठरावाच्या बाजूनं की विरुद्ध? मी विचारण्याच्या बाजूनं, तो म्हणाला, आणि बसून राहिला. पुढचं नाव सेनिंगचं होतं.

तिनं जाऊन माइक ओढला आणि वाकून म्हाताऱ्याला म्हणाली, "झाकण लावा, अंकल. मला भांडायचंय."

"इथं नाही," तो म्हणाला. "भांडायचं ते घरी."

त्यामुळे सेनिंगला आयुष्यातलं सगळ्यात कडक भाषण अंगाई म्हणावी तशा आवाजात करावं लागलं. पराग कुठं जात नाही म्हणणारे खोटं बोलतात, ती म्हणाली, आणि ते माझ्याच बाजूला बसलेत. फिदेल छताकडे बघू लागला. पपई विष आहे म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे नाश्त्याला यावं, मी ती रोज खाते. माझा नवरा हृदयविकारानं गेला, कुणी विचारायच्या आधीच सांगते. अंकलना मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं, ती माझी चूक, आणि ती मी त्यांच्यापुढं मान्य करेन, कौन्सिलपुढं नाही. "राहिली झाडं. बारा एकर मी एकदा माझ्या हातानं तोडलीत. दुसऱ्यांदा माझा हात उठणार नाही. तोडायचीच असतील तर तुमच्यातल्या कुणी कोयता घेऊन यावं. मी फाटकात उभी असेन. दिवस तुम्हीच ठरवा."

तिच्या तीन मिनिटांतलं एक उरलं होतं. ते तिनं तसंच सोडलं आणि जागेवर येऊन बसली.

मतदान महिनाभर पुढं ढकललं. संध्याकाळी ती रिकामं भांडं न्यायच्या निमित्तानं पिलिपोकडे गेली. तिच्या कालवणाचं भांडं घासून ठेवलेलं होतं. टेबलावर पोईचं भांडं होतं, झाकण घातलेलं, आणि झाकणावर म्हाताऱ्यानं हाताचा पंजा ठेवला होता. माहेआला त्यानं बाहेर पाठवलं.

"बस," तो म्हणाला. "आज उघडत नाही."

पंधरा वर्षं सेनिंगकडे शंभर मुद्दे तयार होते. खुर्ची ओढून बसेपर्यंत त्यातला एकही जागेवर राहिला नाही.

"का नाही विचारलंस?" पिलिपो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"आणि मी तरीही लावली असती."

"ठाऊक आहे मला." त्याचा आवाज चढला, त्या घरात पहिल्यांदाच. "तरी विचारायचं होतंस."

मग ते दोघं अंधार पडेपर्यंत भांडले. कालोवरून, तेबानवरून, व्हायरसवरून, काठावर लावून ठेवलेल्या पपईच्या तुकड्यांवरून. बाहेर पायरीवर बसलेल्या माहेआनं दोनदा आत डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा तिला हाकलण्यात आलं.

महिन्याभरानं ठराव मंजूर झाला. पपई, उभी आणि पुढं लावायचीही, त्यातून वगळली होती. मनोंग फिदेलनं हा संघटनेचा विजय असल्याचं सांगून फोटो काढून घेतले. माहेआ बाजारातल्या टेबलाशी अजून बसते. पुड्यांवरचा 'शुद्ध' शब्द तिनं स्वतः खोडला, पण नवं पीक आणणाऱ्यांविरुद्धचा कागद तिथंच सहीला ठेवलेला असतो. त्यावर पहिली सही पिलिपोची आहे आणि दुसरी सेनिंगची.

नव्या लागवडीच्या दिवशी सेनिंग रोपांचा ट्रे घेऊन कुंपणापाशी गेली. म्हातारा पलीकडे कालोच्या खड्ड्यांत गवत पसरत होता.

"अंकल, कुंपणालगतच्या ओळीत नवी रोपं लावायचीत. लावू?"

पिलिपो सरळ उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं ओळीकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं, आणि बराच वेळ घेतला. खरं तर वेळ घेण्यासारखं काही नव्हतं. उत्तर पंधरा वर्षं तयार होतं.

"नको," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलला.

सेनिंगनं ट्रे उचलला. ती ओळ तिनं रिकामी सोडली, आणि रोपं बागेच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन लावली, आधीपेक्षा दाट.